शब्दाचा पक्का

ऑपरेशनला न्यायला स्ट्रेचर यायचं होतं. आईने चर्चचा पाळक असलेल्या मुलाचा हात घट्ट धरला.

"देव मला सोडणार नाही ना रे?"

"मुळीच नाही, आई. त्याने शब्द दिलाय. तो शब्द मोडत नाही."

"मग रविवारी चर्चमध्ये तू काय सांगत होतास? यहुद्यांनी ऐकलं नाही, म्हणून देवाने त्यांच्याशी केलेला करार मोडला, त्यांना सोडून दिलं. मी तरी त्याचं सगळं कुठे ऐकलंय?"

मुलगा गडबडला. "अगं, ते वेगळं..." आईचे डोळे भरून आले.

शेजारच्या खाटेवर एक म्हाताऱ्या वकीलबाई पेपर वाचत पडल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला.

"ताई, मी यहुदी आहे," त्या म्हणाल्या. "नका घाबरू. आमचा त्याच्याशी फार जुना घरोबा आहे. रागावतो, अबोला धरतो, पण सोडून काही जात नाही."

आईचा चेहरा निवळला. मुलाचा हात सोडून तिने वकीलबाईंचा हात धरला.

"ऐकलंस? आता कर प्रार्थना," ती मुलाला म्हणाली. "आणि दोघींसाठी एकच कर."