गेटच्या आत

अभयारण्यातल्या किल्ल्यावर जायचा परवाना दोघांच्या नावाने निघालेला, आणि आत एकट्याला सोडत नाहीत. मिळालेल्या संधीवर पाणी सोडायला दोघंही तयार नव्हती. म्हणून घटस्फोटाची तारीख तोंडावर असताना नवरा-बायको ट्रेकला आली. गेटपर्यंत भांडण चालूच होतं.

"आत बिबट्याची मादी व्यायलीये. परत येईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही," वनरक्षकाने बजावलं.

चढावर तिने नुसतं वळून पाहिलं, त्याने पाण्याची बाटली पुढे केली. कातळातल्या निसरड्या पायऱ्यांवर त्याने मागे हात केला, तिने तो धरला. वर तटावर दोघं एकाच दगडावर टेकली.

संध्याकाळी गेटवर वनरक्षक म्हणाला, "झालं, आता बोला मोकळेपणानं."

नवऱ्याने तोंड उघडलं. तिने पटकन त्याच्या ओठांवर बोट ठेवलं.