दोन्ही शर्टांवर बगळा

“दोन्ही शर्टांवर बगळाच पाहिजे,” नॉर्मन ऑस्टिकने टेबलावर मूठ आपटली. “नाहीतर उद्या मी मैदानात पाऊल ठेवणार नाही.”

क्लबच्या मार्केटिंगची प्रमुख फेनेला प्राइस खिडकीशी जाऊन फोनवर कुजबुजली आणि परत येऊन बसली. “ठीक आहे, मिस्टर ऑस्टिक. बगळा राहील. आता भांडण फक्त रंगाचं.”

शेजारी बसलेल्या त्याच्या जुन्या मित्राने, टेरी बूथने, टेबलाखालून नॉर्मनच्या पायावर थाप मारली. वर्षभराच्या लढाईत हा पहिलाच विजय होता.

कॉल्डरविक टाउन फुटबॉल क्लबला परदेशी मालक मिळाला आणि सगळंच उलटंपालटं झालं. साता समुद्रांपलीकडच्या लोकांना संध्याकाळी टीव्हीवर दिसावा म्हणून शनिवारचा सामना दुपारी तीनवरून बारावर आला. उन्हाळ्यात सरावाच्या नावाने खेळाडू तिकडच्या मॉलमध्ये फिती कापत हिंडले. चिन्हावरचा बगळा तिकडे कुणाला ओळखू येत नाही म्हणून त्या जागी ड्रॅगन बसला. आणि आता गडद हिरवा शर्ट जाऊन गडद लाल येणार होता. लाल तिकडे जास्त खपतो म्हणे.

लाल! नदीपलीकडच्या स्टॅनहोल्मचा रंग! वैऱ्याचा फोटो घरात टांगून त्याला रोज हार घालण्यासारखंच हे झालं. लोकांनी वर्षाची तिकिटं परत केली, स्टँड ओस पडले, तेव्हा कुठे मालकाला जाग आली. मग फेनेलाने शक्कल काढली. पहिल्या सामन्याआधी मैदानाच्या मध्यभागी दोन शर्ट ठेवायचे. चाहत्यांचा प्रतिनिधी म्हणून नॉर्मन त्यातला एक उचलेल, आणि संघ वर्षभर तोच घालेल. सगळं परदेशात थेट दाखवायचं.

“म्हणजे आता आमचं भांडणही विकणार तुम्ही?” टेरीने विचारलं.

“सध्या तेच सगळ्यात जास्त खपतंय,” फेनेला म्हणाली. निदान खोटं तरी बोलली नाही.

“जुना कुठल्या बाजूला ठेवणार?” नॉर्मनने विचारलं.

“ते आधी सांगितलं तर कॅमेऱ्यात मजा राहणार नाही. आणि मैदानात तुम्ही एकटेच जायचं. बरोबर कुणी नको.”

बाहेर पडल्यावर दोघे पबमध्ये बसले. नॉर्मनने बिअरला हात लावला नाही.

“टेरी, उद्या तूच जा.”

“मी? वेड लागलंय का तुला? गाव मला नदीत बुडवेल.” टेरीने त्याच्या ताटातलं सँडविच स्वतःकडे ओढलं. “अरे, स्टॅनहोल्मचा सामना असला की तू मैदानाकडे पाठ करून रेडिओ कानाला लावून बसतोस. चाळीस वर्षं बघतोय मी. त्या लालड्यांचं तोंडसुद्धा बघायचं नाही, एवढी निष्ठा आहे का दुसऱ्या कुणाची?”

नॉर्मनने ग्लास बाजूला सरकवला.

“आणि डोरीनचं काय? तिला काय शब्द दिला होतास?”

डोरीन नॉर्मनची बायको. दोन हिवाळ्यांपूर्वी ती गेली. हॉस्पिटलातही ती गळ्यातला क्लबचा मफलर काढू देत नव्हती. “आपला हिरवा सोडू नकोस हं, नॉर्मन,” हे तिचे शेवटचे धड शब्द. हिरवा म्हणजे त्याच्यासाठी डोरीनच होती. त्याचे वडील आगगाडीचे ड्रायव्हर. त्यालाही इंजिनच चालवायचं होतं, पण रेल्वेच्या डॉक्टरांनी नापास केलं. कुणी विचारलं की तो गुडघ्याचं निमित्त सांगे. आयुष्यभर मालधक्क्याच्या कचेरीत बसला, आणि शनिवारी डोरीनचा हात धरून मैदानावर गेला. त्याला आठवत होतं ते सुख एवढंच.

“जाईन,” तो शेवटी म्हणाला.

सकाळी त्याने कपाट उघडलं. कॉलरच्या आत बोट घालून एकेक शर्ट चाचपला आणि गाठ लागली तो अंगात चढवला. डोरीनने घातलेली ती सुताची बारीक गाठ. धुलाईत हरवू नये म्हणून, असं ती विचारणाऱ्याला सांगायची.

बाराच्या आधीच स्टँड गच्च भरले होते. वर्षभराने गाव परत आलं होतं. नॉर्मन खेळाडूंच्या बोगद्यातून बाहेर आला तसा एकच गजर उठला. लोक त्याचं नाव घेत होते. कुंपणाशी टेरी लहान मुलासारखा रडत होता.

“हिरवा दाखव त्यांना, म्हाताऱ्या!” तो ओरडला.

मध्यभागी टेबल होतं, त्यावर पांढरं कापड आणि चारी बाजूंनी कॅमेरे. फेनेलाने हात वर केला. गजर हळूहळू विरला आणि सगळं मैदान श्वास रोखून उभं राहिलं.

तिने कापड ओढलं.

घडी घातलेले दोन शर्ट. दोन्हींवर बगळा, त्याने भांडून मिळवलेला, एकाच पांढऱ्या धाग्याने भरलेला.

नॉर्मनने एका शर्टाच्या कॉलरमध्ये बोट घातलं. मग दुसऱ्याच्या. दोन्ही नवे कोरे. गाठ कुठेच नव्हती.

“घ्या ना, मिस्टर ऑस्टिक,” फेनेला हसून हलकेच म्हणाली. “जग बघतंय.”

त्याने कुंपणाकडे पाहिलं. टेरी फार लांब होता. मग त्याने मान खाली घालून पुन्हा एकदा दोन्ही शर्टांकडे डोळे फाडून पाहिलं. जन्मल्यापासून त्याला हिरवा आणि लाल दिसत आले होते तसेच, दोन्ही एकाच रंगाचे होते.