घरपोच देव

फॉरेस्टगार्ड हिलालने पिशवीतून शेंदूर फासलेला दगड काढला आणि रान सोडून नवागामला राहायला आलेल्या सुंदराच्या एवढ्याशा खोलीत तांदळाच्या डब्यावर मांडला. "घ्या वहिनी. तुमचा वाघदेव घरपोच."

देव घरपोच आल्याचं सुंदराने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्यातून आणणारा कोण, तर हिलाल. गेल्या वर्षी याच माणसाने तिला नि नवऱ्याला अभयारण्याच्या फाटकावरून माघारी धाडलं होतं.

तिच्या ललितला पाचवं लागलं होतं. आधीची दोन गेली, म्हणून याचं जाऊळ रानातल्या वाघदेवापुढेच उतरवीन असं ती बोलली होती. वेणीवाल्या पोराला गल्लीतली मुलं छळायची, तरी तिने केसांना कातर लागू दिली नव्हती. नवस मोडला तर हाही हातचा जाईल, या भीतीने तिची झोप उडाली होती.

"आत आता माणूस नको, असा साहेबांचा हुकूम आहे," हिलाल सांगत होता. "बोकड नको, चूल नको. जनावरं बिथरतात. म्हणून ज्याचा देव त्याला पोहोचवायचा. इथंच जाऊळ उरका, परत तिकडं यायचं कामच नाही."

शेवटचं वाक्य तो जरा जास्तच गोडीत बोलला. सुंदराने दगड निरखला. शेंदूर ताजा, अजून ओलसर. खाली तापीच्या काठावर पैशाला पासरी मिळतो तसला गुळगुळीत गोटा.

"शेंदूर नवा लावलाय. साहेबच म्हणाले," तो न विचारताच म्हणाला.

"हाऊ आमनाच देव शे?" सुंदराने विचारलं. "मंग त्यानावर हात ठेईसन सांगा."

हिलालने लगेच पंजा ठेवला. "तुमचाच. शपथ."

सुंदरा त्याच्या हाताकडे बघत राहिली. तिचा सासरा गावात एकवचनी म्हणून नावाजलेला, पण पंचांनी वाघदेवावर हात ठेवून बोल म्हटल्यावर खरं बोलतानाही त्याला दरदरून घाम फुटला होता. हिलालही त्याच रानात वाढलेला.

तिने ललितला जवळ ओढलं आणि त्याची सुटलेली वेणी पुन्हा घालायला घेतली.

"ली जा, भाऊ," ती म्हणाली. "आपला रानमा वाघदेववर असा हात कोण ठेवस?"