कंपनीची बाई

टांगा दाराशी थांबला आणि त्यातून एक गोरी बाई उतरली.

"आली गं बया, कंपनीची बाई आली!" रंगुबाई पुटपुटली. खोलीतल्या सगळ्याजणींनी पदर सावरले.

मुंबईचा एजंट मालनबाईला बजावून गेला होता, की कंपनीचं माणूस कधीही येईल. काम पसंत पडलं तर राहील, नाहीतर हाँगकाँगला जाईल. पण ते माणूस असं भर उन्हात, श्रीरामपूर स्टेशनातून टांगा करून, एकटंच येईल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

काम होतं टेबलावर घालायच्या चादरींच्या कडांना क्रोशाची जाळी विणायचं. पांढरंशुभ्र कापड बेल्जियमहून यायचं आणि कडा विणून झाल्या की बेल्जियमला परत जायचं. त्या साली पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. निम्मा तालुका दुष्काळी कामावर खडी फोडत होता. या बायकाही आधी तिथंच होत्या. नव्यानं इथं आल्या तेव्हा त्यांच्या फुटलेल्या बोटांना दोरा अडकायचा. मालनबाई लग्नाआधी मिशनच्या शाळेत क्रोशा शिकली होती. तिनंच सगळ्यांना शिकवलं, आणि म्हणून इथली जबाबदारीही तिच्याच गळ्यात पडली.

तिचा नवरा कारभारी अजून खडीवरच जात होता. बेचाळीस साली तुरुंग भोगून आलेला माणूस. त्याला हे काम कधी रुचलं नाही.

"ज्यांना घालवलं त्यांचीच फडकी विनायची?" तो म्हणायचा.

"इंग्रजाची न्हाईत ती. बेल्जमची हायेत."

"कुनाची का असंनात! तिकडं एकानं मान हलवली की तुमचं काम बंद. दिल्ली आडवी येनार हाय का त्याला? मग राज आपलं कसलं गं?"

सावलीत मिळवलेली भाकरी उन्हातल्या भाकरीपेक्षा कमी आपली कशी, हे मालनबाईला मात्र कधी समजलं नव्हतं.

मिशनच्या दवाखान्यातल्या पुष्पावती नर्सला इंग्रजी येत होतं. सकीना धावत जाऊन तिला घेऊन आली. तोवर पाहुणी चपला काढून दाराशीच उभी होती. पन्नाशीला टेकलेली असावी. विटका झगा, खांद्याला कापडी पिशवी.

"कंपनीची म्हनून साधीच दिसती," सकीना कुजबुजली.

"मोठी मानसं आशीच ऱ्हात्यात," रंगुबाई म्हणाली.

बाईला खुर्ची दिली, पण ती चटईवरच बसली. दिवसाला किती होतं, किती जणी आहात, काहीच विचारलं नाही तिनं. रंगुबाईच्या मांडीवरची चादर उचलली, उलटी केली आणि मागची बाजू न्याहाळत राहिली. मग सकीनाच्या हातातली सुई मागून घेतली आणि विणायला लागली.

सगळ्याजणी बघतच राहिल्या. बाईची नजर खिडकीबाहेर होती आणि बोटं आपली आपण चालत होती.

"मालनबाई, बोटाला घट्टा हाय तिच्या," सकीना हळूच म्हणाली.

"गप गं. कामातलं कळतं म्हनूनच तर कंपनीनं धाडली तिला."

दोरा करंगळीवरून कसा घ्यायचा, म्हणजे मनगट दुखत नाही, हे बाईनं सकीनाला हात धरून दाखवलं. सकीनाचा दोरा दोनदा निसटला आणि ती हसली. बाईही हसली. आल्यापासून पहिल्यांदाच. खोलीत जरा हवा खेळल्यासारखं झालं. टँकर आला नव्हता, तरी रंगुबाईनं शेजारून पाणी मागून चहा टाकला.

चहा झाला आणि मालनबाईनं मन घट्ट केलं. पुन्हा अशी संधी येणार नव्हती.

चादरींच्या नुसत्या कडाच इथं विणल्या जात. चारी कोपरे कोरे ठेवायचे, अशी ताकीद होती. कोपऱ्यातली फुलं तिकडे बेल्जियमलाच विणली जायची. इथल्या बायकांना ती जमणार नाहीत, असं एजंट म्हणायचा. नमुना म्हणून आलेल्या चादरीवर तसं एक फूल होतं. ते पुन्हा पुन्हा उसवून, विणून मालनबाई गुपचूप शिकली होती. तिनं ट्रंक उघडली आणि स्वतः विणलेलं फूल बाईच्या हातावर ठेवलं.

"तिला सांगा, हे मी केलंय," ती पुष्पावतीला म्हणाली. "म्हनावं, कोपरे तरी तिकडं कशाला ठेवता? तेबी आमाला द्या. तिकडच्या बायांपरीस चांगलं करू आन् निम्म्या मजुरीत करू. या सगळ्याजनींना मी शिकवीन."

पुष्पावतीनं सांगितलं. बाईनं फूल उलटं केलं, सुलटं केलं, बोट फिरवून पाहिलं. मग तिनं मान हलवली.

"पसंत पडलं!" रंगुबाईनं मालनबाईचा दंड धरला.

बाई शब्द जुळवत हळूहळू बोलू लागली. पुष्पावती ऐकता ऐकता थांबली. तिनं काहीतरी विचारलं. बाईनं तेच पुन्हा सांगितलं.

"काय म्हनती?" मालनबाईला धीर निघेना. "देनार का कोपरे?"

पुष्पावतीनं तिच्याकडे बघितलं नाही.

"मालनबाई, ती कंपनीची नाही. या कडा गेल्या वर्षापर्यंत ती विणत होती. आपलं काम कुणाच्या हाती गेलं ते बघायला आलीय. आणि कोपरे..." पुष्पावती अडखळली, "कोपरे अजून तिची बहीण करते."