आंधळगाववाली
"बाबाजी, यांना नावानं आवाज द्या, कधी कधी शुद्ध येते," नर्स म्हणाली. नत्थू बायकोच्या कानाशी वाकला. "आंधळगाववाली!" चाळीस वर्षं तो तिला माहेरच्या गावावरूनच बोलावत होता, त्यांच्याकडे सगळ्याच सुनांना तसंच बोलावतात. पापणी हलली नाही. "गाव नाही, नाव घ्या." "ललिता," तो पुटपुटला. लग्नात त्याच्या आईनं ठेवलेलं हे नाव रेशन कार्डाबाहेर कधी आलंच नव्हतं. काहीच नाही. त्यानं साळ्याला फोन लावला. "हेमराज, तिचं माहेरचं नाव काय होतं गा?" "आमी लहानीच म्हनो, भाऊजी. चौथ्या पोरीचं बारसं कोन करे?" "लहानी!" त्याच्या तोंडून ही हाक तिनं कधीच ऐकली नव्हती; पापणी तशीच राहिली. उशाशी तिच्या आंदणातला पाण्याचा पितळी गडवा होता. नाव शोधत त्यानं तो फिरवून पाहिला: 'जावई नत्थूस सप्रेम भेट.' दुसरी बाजू कोरी होती.