दहावा अर्ज

"या खेपेला मी नाही," गुरांच्या डॉक्टरांनी दारातूनच सांगितलं. "गेल्या वेळी बायको महिनाभर बोलत नव्हती."

"अहो, निवडून थोडेच येणार आहात!" थेल्मा ओस्टबी म्हणाली. "नुसतं नाव द्या. बाकी मी बघते."

दार बंद झालं.

एकतीस वर्षं ती दारोदार हेच सांगत आली होती, आणि ते कधी खोटं ठरलं नव्हतं. फार्म लीगचा माणूस प्रांतात कुठेच निवडून येत नसे. पण दहा मतदारसंघांत उमेदवार उभे राहिले नाहीत, तर पक्षाची नोंदणीच रद्द व्हायची. ते दहा बकरे थेल्मा जमवी. फलक ती रंगवी, भाषणं ती लिही. फोटोत मात्र कधी दिसली नाही.

यंदा नऊच जमले होते. अर्जांची मुदत सोमवारी दुपारी दोनला संपत होती. शुक्रवारी ती काम सोडून व्हिक्टोरियाला बहिणीकडे कायमची जाणार होती. घरही विकून झालं होतं. पण पक्ष बुडवून जायला तिचा जीव होईना.

शेवटी रविवारी चर्चमधल्या पेरोगीच्या, म्हणजे उकडलेल्या करंज्यांच्या, जेवणात तिने अर्जावर स्वतःचंच नाव लिहिलं आणि टेबलाटेबलावरून लागणाऱ्या पंचवीस सह्या गोळा केल्या.

खरी मेख तिथेच होती. मतदाराने एकाच अर्जावर सही करायची; दोनवर केली तर आधी आलेल्या अर्जावरची धरायची. आणि एल्म क्रॉसिंगचे लोक इतके भिडस्त, की कागद पुढे केला की कुणालाच नाही म्हणत नसत. इथे उभे राहत दोनच पक्ष, आणि सत्ताधारी पक्षाचा कार्यकर्ता डंकन मॅक्फेल दर वेळी पहिल्याच दिवशी आमदारांचा अर्ज भरी. थेल्मा त्याची यादी बघून उरलेल्यांना गाठी. यंदा तेवढी सवडच नव्हती. तिच्या पंचवीसातल्या निम्म्यांनी डंकनलाही सही दिली असणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

सोमवारी सकाळी निवडणूक अधिकारी हेल्गा पेटकाऊने एकेक नाव बोट ठेवून तपासलं.

"पंचवीसच्या पंचवीस चालतील," हेल्गा म्हणाली.

"सगळ्या? नीट बघितलंस ना?"

"आता तू मला शिकव!"

थेल्माला हसूही आलं आणि रडूही. पक्ष वाचला होता. घरी जाऊन तिने बहिणीला फोन लावला.

"सुटले गं बाई एकदाची!"

"ये लवकर. खोली रंगवून ठेवलीय."

दुपारी रस्त्यावर बॅगपाइप वाजले. आमदारांना निवडून येऊन पंचवीस वर्षं झाली म्हणून डंकनने मिरवणूक काढली होती. थेल्माने खिडकीतून हात हलवला आणि पुन्हा खोकी बांधायला घेतली. कितीतरी वर्षांनी ती गुणगुणत होती.

तीनला हेल्गा दारात उभी राहिली. मागे डंकन, टोपी हातात, तोंड उतरलेलं.

"या शहाण्याने अर्ज मिरवणुकीसाठी राखून ठेवला होता," हेल्गा म्हणाली. "पोचला दोनला दहा मिनिटं कमी असताना. तुझ्या अर्जावर आधीच आलेल्या अकरा सह्या बाद झाल्या."

"मग नव्या घ्यायच्या की!" थेल्मा म्हणाली.

"कुणाच्या घेऊ?" डंकन कळवळला. "बरोबर होते ते बँडवाले, सगळे शेजारच्या मतदारसंघातले!"

हेल्गाने हात पुढे केला. "उमेदवार तू एकटीच उरलीस. अभिनंदन, आमदारबाई."