ढीग पेटवण्याआधी

"दे पेटवून," ऑफेलिया म्हणाली. "कशाला हलवत बसतेस?"

नोएमीने दाताळं जमिनीत रोवलं आणि सासूकडे पाहिलं. गोदामामागे दोन वर्षांचा झाडोरा साठला होता. मेस्कीटच्या काटेरी फांद्या, वाळके निवडुंग, वाऱ्याने कुंपणाशी आणून टाकलेली झुडपं. सकाळी सातला तिने अग्निशमन केंद्रात फोन केला होता. आज वारा नाही, पेटवा, पण दुपारी बाराच्या आत राख थंड झाली पाहिजे, असं तिथला माणूस म्हणाला. नोव्हेंबर उजाडल्यापासून पहिल्यांदा परवानगी मिळाली होती. पाण्याची नळी ओढून झाली होती, फावडं आणून झालं होतं. मांडवाखाली, कठड्याच्या छोट्या खाटेत, तिची दीड वर्षाची लेक लूस बसली होती. नोएमी दर दोन मिनिटांनी मान वळवून तिला बघत होती. मान दुखून आली होती, तरी वळत होती.

"आई, हे तुम्हीच मला शिकवलंत," ती म्हणाली. "ढीग एक रात्र पडून राहिला की तो आपला राहत नाही. कासव शिरतं, साप शिरतो. आधी सगळा उचलून दुसरीकडे रचायचा, मगच काडी लावायची."

"असं मी म्हणाले?"

"मी शहरातून लग्न होऊन आले, त्याच महिन्यात. मी काडी ओढली होती. तुम्ही माझ्या हातावर फटका मारलात."

"तेव्हा फटका मारायची ताकद असेल माझ्यात. आता उरक लवकर. वारा सुटला की बसशील पुढच्या महिन्यापर्यंत."

या वाळवंटात जन्मलेली बाई आता हेही विसरली. यादीत आणखी एक.

यादी मार्चपासून वाढत होती. ते जेवत त्या पडवीतून वस्तू नाहीशा होत होत्या. पाच चमचे. लूसच्या तीन चोखण्या. तिचं औषध मोजायचं झाकण. ऑफेलियाच्या कानातल्या दोन यंत्रांपैकी एक. नोएमीच्या नवऱ्याच्या, रूबेनच्या गाडीची किल्ली. "मीच ठेवलं असेल कुठेतरी," ऑफेलिया दर वेळी म्हणायची. शोधायलाही उठायची नाही. किल्ली गेली त्या दिवशी रूबेन आईवर पहिल्यांदा ओरडला. आणि नोएमीने, कितीतरी दिवस गिळलेलं, एकदाचं बोलून टाकलं. लेकरू घरात आहे. आज चमचा हरवला, उद्या काय? रूबेन तीन दिवस तिच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी त्याने तुसॉन शहरातल्या वृद्धाश्रमाचा अर्ज भरला. "पण आईला तू सांग," तो म्हणाला. तिने सांगितलं. ऑफेलियाने फक्त विचारलं, "कधी?"

परवा. सोमवारी. आज रूबेन खाणीत पाळीवर होता.

नोएमी फांद्या उचलून पलीकडे टाकू लागली. हातमोज्यांतून काटे लागत होते.

"दाताळं धरलंय की रस्सा ढवळतेयस?" ऑफेलिया पालथ्या बादलीवर बसून म्हणाली.

"रस्साच आहे. काट्यांचा. वाढू तुम्हाला?"

"मीठ कमी असणार. तुझ्या हातचा आहे."

नोएमीला हसू आलं, आणि लगेच वाईट वाटलं. सोमवारनंतर असं कोण बोलणार होतं?

निम्मा ढीग हलला. मग अर्ध्याहून जास्त. "बास झालं," ऑफेलिया म्हणाली. "खाली काही नाही. लाव काडी."

"थोडंच राहिलंय."

तळाशी जे होतं ते त्यांनी टाकलेलं नव्हतं. काड्या, निवडुंगाचे गोळे, वाळलेलं शेण, सगळं कुणीतरी घट्ट रचल्यासारखं. नोएमीने दाताळं घातलं. मोठ्या कानांचा एक उंदीर उसळून बाहेर आला आणि कुंपणाखालून पसार झाला. उघड्या पडलेल्या बिळात चमचा चमकला.

ती गुडघ्यांवर बसली. एकेक वस्तू काढून फावड्यावर ठेवू लागली. पाच चमचे. चोखण्या. झाकण. किल्ली. कानातलं यंत्र. बाटल्यांची बुचं, ती कुणाची कोण जाणे. पडवीत टेबलावर सारखे निवडुंगाचे तुकडे सापडायचे, ते आता तिला आठवलं. चमचा उचलायचा आणि तोंडातला तुकडा तिथे टाकायचा, असा उंदराचा व्यवहार चालला होता. आणि ती ते तुकडे झाडताना दर वेळी सासूच्या घागऱ्याकडे बघायची, तिथूनच गळले असतील म्हणून.

"आई," ती म्हणाली. "तुम्ही काही हरवलं नव्हतं. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. सगळं त्या उंदराने नेलं. मी रूबेनला फोन करते, आत्ता. सोमवारचं रद्द. तुम्ही कुठेही जायचं नाही."

ऑफेलिया बादलीवरून उठली नाही. फावड्यावरच्या चमच्यांकडे तिने ओझरतं पाहिलं. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"मार्चमध्येच दिसला होता मला. चमचा तोंडात धरून पायरी उतरत होता."

"मग बोलला का नाहीत? आठ महिने? रूबेन ओरडला तेव्हासुद्धा?"

"त्या उंदराने माझं इथून जायचं काम सोपं केलं होतं. म्हणून तर म्हणत होते, दे पेटवून."

ऑफेलिया मांडवाकडे बघत होती. लूस कठडा धरून उभी राहिली होती.

"चमचे त्यानेच नेले, पोरी. पण फेब्रुवारीत तू लूसला माझ्यापाशी ठेवून दाताच्या डॉक्टरकडे गेलीस, तेव्हा ती रडायला लागली, आणि कुणाचं बाळ रडतंय म्हणून, तिला घरात एकटी सोडून, मी हमरस्त्यापर्यंत शोधत गेले."